चाकाखालून न गेलेले चार किलोमीटर

सातिवली
१६ नोव्हेंबर २०२५

मनाली,

फोन लागत नाही. तू मला ब्लॉक केलंस हे ॲंजेलाने सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस. तुम्हा दोघींच्या हॉस्पिटलचा पत्ताही तिनेच दिला. मस्कतला पत्र किती दिवसांत पोचतं ते मला माहीत नाही.

घरी ठीक आहे. आर्याची सहामाही झाली, गणितात चांगले मार्क आहेत. काकीचे गुडघे दुखतात, तरी सकाळी शेतावर जाते. माझं सायकलींचं दुकान आहे त्याच गाळ्यात आहे.

काम असं आहे. पंचवीस जानेवारीला आमचा सायकलवाल्यांचा ग्रुप बोर्डीची राइड पुन्हा करणार आहे. वसईहून कच्च्या रस्त्यांनी बोर्डी, तिथे चिकूच्या वाड्या, चिकूची वाइन करतात तो कारखाना, मुक्काम. दुसऱ्या दिवशी आतल्या डोंगरांतून परत. साठेक जण येतील, बरेचसे मुंबई-ठाण्याचे. सिद्धेश म्हणाला, या राइडला विकीचं नाव देऊ. सगळ्यांना पटलं. त्याच्या आईची किंवा बायकोची संमती हवी. काकीला विचारायची माझी हिंमत नाही, म्हणून तुला विचारतो आहे.

विकीला जाऊन दोन वर्षं होतील. आता ते कोणी बोलत नाही. तो वाट सोडून आत गेला आणि पडला, एवढंच. चूक कोणाचीही होते.

होकार असेल तर ॲंजेलाकडे कळव.

भूपेश


४ डिसेंबर

मनाली,

तुझं उत्तर मिळालं. ‘दारू पिऊन मेलेल्या माणसाच्या नावाने कोणी सायकली चालवू नयेत, आणि भूपेशदादांनी मला पत्र लिहू नये.’ ॲंजेलाने फोनवर वाचून दाखवलं. मग म्हणाली, “मी नर्स आहे, पोस्टमन नाही. पुढच्या वेळेला मला खाकी शर्ट शिवून दे.”

तरीही लिहितो आहे. वाचायचं नसेल तर ठेवून दे.

परवा आर्या सायकलमध्ये हवा भरायला आली होती. मी पंप मारत होतो. ती म्हणाली, “काका, पप्पांना रस्ता दिसत नव्हता का?”

“कोण म्हणालं?”

“आजी म्हणते, पिनाऱ्याला रस्ता दिसत नाही. आणि वर्गात तो दक्ष आहे ना, तो मला क्वार्टर म्हणतो.”

मी म्हटलं, “झाली हवा. जा आता.”

ती गेली. मी पंप जागेवर ठेवला.

एक गोष्ट तुला माहीत नाही. विकीच्या सायकलवरचं जीपीएस माझ्याकडे आहे. काडेपेटीपेक्षा जरा मोठं. पंचनाम्यावर माझी सही होती, म्हणून पोलिसांनी सामान माझ्या ताब्यात दिलं. सायकल काकीने भंगारात घातली. जीपीएस मी कोणाला दिलं नाही. कोणी मागितलंही नाही.

त्यात एक सोय असते. जुनी राइड निवडली की पडद्यावर दोन ठिपके येतात. निळा आपला, करडा त्या जुन्या राइडचा. करडा ठिपका त्या दिवशी जसा गेला तसाच जातो. जिथे थांबला तिथे तितकाच वेळ थांबतो. आपण त्याच्याशी शर्यत लावायची. पोरं आपल्याच गेल्या महिन्याच्या वेळेशी लावतात.

काल मी ते चार्जिंगला लावलं. सुरू होईल असं वाटलं नव्हतं. यादीत सगळ्यात वर तारीख होती, २८ जानेवारी २०२४.

भूपेश


१४ डिसेंबर

मनाली,

काल मी ती राइड केली. परतीची. शुक्रवारीच बोर्डीला जाऊन राहिलो होतो.

विकी त्या दिवशी सात वाजून दहा मिनिटांनी निघाला होता. मीही तेव्हाच निघालो. पहिले काही किलोमीटर चिकूच्या वाड्यांतून जातात. झाडं जवळजवळ असतात, चाकाखाली पाला आणि वाळू. मग रस्ता चढतो, लाल खडी सुरू होते. विकी चढावर नेहमी माझ्या दोनशे मीटर पुढे असायचा. कालही होता. मी दम लागून थांबलो की तो पुढे जायचा, आणि तो थांबला की मी त्याला गाठायचो. मागे वळून बघायचा मोह झाला. तो पुढे आहे हे माहीत असूनही.

एका वळणावर करडा ठिपका नऊ मिनिटं थांबला. तिथे काही नाही. सागाची झाडं, एक बंद हातपंप. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. मग आठवलं. त्या रात्री हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तू सगळ्यांना सांगत होतीस, अकराच्या सुमाराला त्याचा फोन आला होता, तो नीट बोलत होता. कोणी ऐकलं नाही. मीही तिथेच उभा होतो. फोनला रेंज त्या वळणावरच येते.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला, मनोरच्या अलीकडे, ठिपका डांबरी रस्ता सोडून उजवीकडच्या पायवाटेला वळला. मी थांबलो. तो थांबला नाही. मी सायकल हातात धरून मागून चालत गेलो. ऊन समोरून डोळ्यांत येत होतं. गवत कमरेइतकं, वाळलेलं. गवत संपतं तिथेच जमीन संपते. खाली जुनी दगडखाण आहे, कुंपण नाही. गवतात उभं राहून ती दिसत नाही. मला माहीत होतं म्हणून मी थांबलो.

जीपीएसमध्ये उंचीही लिहिलेली असते. दोन सेकंदांत अकरा मीटर कमी झाली आहे.

मग ठिपका बावन्न मिनिटं हलला नाही. मी बावन्न मिनिटं कडेला बसलो. त्यानंतर तो हलला, अगदी हळू. पाड्यावरच्या चौघांनी त्याला गोधडीत घालून वर आणलं होतं, तो वेग. जीपीएस कोणीतरी सायकलवरून काढून त्याच्या खिशात ठेवलं होतं. मी त्याच्या मागून चालत आलो. रस्त्यावर आल्यावर तो जीपच्या वेगाने निघाला. मी सायकलवर बसलो, जोर लावला, पण गाठता आलं नाही. हॉस्पिटलच्या आवारात जाऊन तो उभा राहिला. त्या दिवशी जीपीएस बंद करायचं कोणाला सुचलं नव्हतं. बॅटरी संपेपर्यंत तो तिथेच होता.

आता जे लिहितो ते तू उभी असशील तर बसून वाच.

तो प्यायला नव्हता. बाटली मी मागवली होती.

त्या फेब्रुवारीत निर्मळला ॲंजेलाच्या पप्पांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. एडवर्ड अंकल घरी द्राक्षांची वाइन करतात, तुला माहीत आहे. मी त्यांना बोर्डीच्या वाइनचं सांगितलं तर म्हणाले, “चिकूची? उद्या भेंडीची काढाल.” मी म्हटलं, चव घेऊन बघा, मग बोला. म्हणून विकीला बोर्डीला फोन केला, एक बाटली आण. तो म्हणाला, “तू आण ना स्वतः. माझ्या बॅगेत बाटली दिसली तर मनाली सायकल खाडीत टाकेल. सहा वर्षं शिवलो नाही मी.” मी म्हटलं, विचारलं तर माझं नाव सांग.

त्याने ती सायकलच्या दांड्याखालच्या पिशवीत ठेवली, टॉवेलमध्ये गुंडाळून. खाली पडताना ती त्याच्या अंगाखाली फुटली. त्याच्याबरोबर राइडला असलेले सिद्धेश आणि केविन मागून आले, तेव्हा सगळीकडे वास होता. केविनने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. सिद्धेश म्हणाला, “घेतली होती वाटतं याने.” त्याला दोष देत नाही. विकी आधी प्यायचा हे त्याला माहीत होतं. हॉस्पिटलमध्ये हेच सगळ्यांच्या तोंडी झालं. काकीने कपडे हुंगले आणि ती खाली बसली.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. ती वाइन माझी आहे, एवढंच. चार शब्द. मी ते का बोललो नाही हे पुढच्या पत्रात लिहीन. आज जमत नाही.

भूपेश


२७ डिसेंबर

मनाली,

ॲंजेला नाताळला आली आहे. तुझा निरोप तिने दिला. ‘पुढचं लिहा.’ एवढाच. तिच्या चेहऱ्यावरून कळलं की तू तिला बाटलीचं सांगितलं आहेस. ती मला केक द्यायला आली होती. केक टेबलावर ठेवला आणि न बसता गेली.

पुढचं लिहितो.

आमच्या ग्रुपचा एक नियम आहे. रूट आखणाऱ्याने तो आधी स्वतः चालवायचा. रस्ता त्याच्या चाकाखालून गेला, की मगच फाईलवर हिरवी खूण करायची आणि ती दुसऱ्याला द्यायची. नकाशावर रस्ता दिसतो, पण मध्ये ओढा असतो, फाटक असतं, कुत्रे असतात. नियम मी केला होता. वसई-विरारमध्ये माझी हिरवी खूण म्हणजे डोळे मिटून जा, असं लोक म्हणायचे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मी हा रूट आखायला गेलो होतो. एकटाच. मनोरच्या अलीकडे सायकलचा मागचा हँगर तुटला. हँगर म्हणजे गिअर धरून ठेवणारा लहानसा तुकडा. तो तुटला की सायकल चालत नाही. गवताचा टेम्पो जात होता. मी सायकल गवतावर टाकली आणि डांबरी रस्त्याने पुढच्या पाड्यापर्यंत गेलो. टेम्पोत बसताना जीपीएस बंद केलं, उतरल्यावर सुरू केलं. पाड्यावर एकाने तारेने गिअर बांधून दिला आणि मी पुढे गेलो.

यंत्राला मधलं काही कळत नाही. बंद केल्याची जागा आणि सुरू केल्याची जागा यांच्यामध्ये त्याने सरळ रेघ मारली. डोंगरावरून. चार किलोमीटर.

घरी आल्यावर मला परत जायला हवं होतं. एक रविवार गेला असता. दुकानात दिवाळीच्या आधीची गर्दी होती. मी कॉम्प्युटरवर उपग्रहाचं चित्र उघडलं. त्या रेघेच्या जवळूनच एक पायवाट दिसत होती, छान, सरळ, पलीकडे उतरणारी. मी रेघ त्या पायवाटेवर बसवली. डांबरी रस्त्यापेक्षा ही वाट बघून लोक खूश होतील असं वाटलं. चित्र किती वर्षांपूर्वीचं आहे ते बघितलं नाही. त्या पायवाटेचा शेवट खाणीने केव्हाच खाल्ला होता.

मग मी हिरवी खूण केली.

जानेवारीत विकी म्हणाला, आपण तिघं आधी करून बघतो, मग ग्रुपला दे. म्हणून फाईल मी फक्त त्याच्या जीपीएसमध्ये घातली. तो पुढे, सिद्धेश आणि केविन त्याच्या मागे. तो पायवाटेला वळला तेव्हा त्यांना वाटलं, याला काही जवळची वाट माहीत असेल. तो वाट सोडून गेला नव्हता, मनाली. त्याचा माग माझ्या रेघेवर आहे. कुठेही दोन मीटर इकडे नाही की तिकडे नाही. पडद्यावर पुढे सव्वा किलोमीटर सरळ वाट दिसत होती, ऊन डोळ्यांत होतं, आणि खूण माझी होती. त्याने ब्रेक कशाला लावावा?

हॉस्पिटलमध्ये तू आत त्याच्याजवळ होतीस. मी बाहेर बाकावर होतो. माझ्या फोनवर ती फाईल उघडली आणि ते चार किलोमीटर पायवाटेवरून उचलून डांबरी रस्त्यावर ठेवले. दोन मिनिटंही लागली नाहीत. नंतर ग्रुपवर कोणीतरी विचारलं, रूट नक्की कुठून होता, तेव्हा मी ती बदललेली फाईल पाठवली. सगळ्यांनी बघितलं. रूट डांबरी रस्त्याने होता आणि विकी तो सोडून आत गेला होता. का गेला असेल, त्याचं उत्तर सगळ्यांकडे आधीच होतं. त्याच्या अंगाला वास येत होता.

बाटली माझी म्हटलं असतं, तर तो शुद्धीत होता हे ठरलं असतं. मग तो तिकडे का वळला, हे कोणीतरी विचारलं असतं. म्हणून मी चार शब्द बोललो नाही.

दहाव्याला तू घाटावर नव्हतीस. तिथे काय झालं ते तुला वेगळं सांगितलं गेलं असणार.

तळ्यावर पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. झाडावर सात-आठ बसले होते. एकेकाने पुढे होऊन सांगितलं. आर्याला शिकवू. मनालीला अंतर देणार नाही. काकीला बघू. कावळे हलले नाहीत. ऊन चढलं. श्रीपतमामा म्हणाला, “त्याला काय पायजे ते आपल्याला ठावूक हाय. लाजता कशाला?” आणि त्याने स्कूटरच्या डिकीतून क्वार्टर आणून प्लास्टिकच्या ग्लासात ओतली, पिंडाशेजारी ठेवली.

मी मागे उभा होतो. त्याच वेळी मी मनात म्हटलं, विकी, मी सांगेन सगळ्यांना.

कावळा आला.

ग्लास आधी ठेवला की मी आधी म्हटलं, हे मला सांगता येत नाही. लोक म्हणाले, बघा. श्रीपतमामाने हात जोडले. काकी कोणाशी न बोलता उठली आणि चालत घरी गेली. त्यानंतर तिने घरात त्याचं नाव घेतलेलं मी ऐकलेलं नाही. तूही त्यानंतरच्या महिन्यात मस्कतचा अर्ज भरलास.

दोन वर्षं दुकानाबाहेरच्या तारेवर कावळा बसला की मी आत जातो. हे कोणाला सांगण्यासारखं नाही.

मी आता घरी जाऊन काकीला सांगणार आहे. तू नको म्हणालीस तरी सांगणार आहे.

भूपेश


८ जानेवारी २०२६

मनाली,

ॲंजेला उद्या निघते आहे, हे पत्र तिच्या हाती देतो.

रविवारी ग्रुपला सांगितलं. राइड रद्द झाली. सिद्धेश म्हणाला, “दोन वर्षं त्याला आमच्या तोंडून बेवडा म्हणवून घेतलंस.”  केविनने माझ्याकडे सर्व्हिसिंगला दिलेली सायकल उचलली आणि तशीच, चाक न बसवता, घेऊन गेला. मंगळवारी चौकीत जाऊन जबाब दिला. जीपीएस जमा केलं. पुढे काय होईल ते होईल. विकीच्या रक्ताच्या तपासणीचा कागद तिथे पडून आहे, घरच्यांच्या अर्जावर मिळतो. काकी म्हणाली, मनालीला विचार. तिला पाहिजे असेल तर मी अंगठा नाही, सही करीन.

काकीला सांगायचा धीर मात्र काल दुपारी झाला. ती ओटीवर वालाच्या शेंगा सोलत होती. मी सगळं सांगेपर्यंत ती सोलत राहिली. मला वाटलं, ऐकत नाही. मग म्हणाली, “तोंडाला वास नवता.”

मी म्हटलं, “काय?”

“कपड्यांना होता. तोंड मी हुंगलेलं. तोंडाला नवता. आई हाय मी, मना कलनार नाय? पन तुमी सगले पुरुष बोललात. तू पन तिथंच होतास. मना वाटलं, माझाच जीव मानत नाय.”

मी खाली पडलेली एक शेंग उचलून सुपात टाकली.

“दोन वर्सं पोरीला मी काय काय सांगितलं रे,” ती म्हणाली. तिने सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं, मारेल. तिने पदराने हात पुसले. “ती येईल आता शालेतून. तिला तू सांग. माझ्या तोंडून नको. मी एकदा सांगून चुकलेय.”

आर्या आली. दप्तर न काढता बसली. मी तिला बाटलीचं सांगितलं, एडवर्ड अंकलच्या लग्नाच्या वाढदिवसाचं सांगितलं, सिद्धेशचं सांगितलं. मग टेम्पो, रेघ, खाण. नऊ वर्षांच्या मुलीला किती सांगावं ते कळत नव्हतं. फोनवर फाईल कशी बदलली तेही सांगितलं.

तिने विचारलं, “म्हणजे पप्पा बरोबर रस्त्याने जात होते?”

“हो. मी दिला त्या रस्त्याने.”

“आणि तुम्ही त्या रस्त्याने गेलाच नव्हतात?”

“नाही.”

“मग तो रस्ता आहे असं कशाला सांगितलंत?”

“जायचा कंटाळा केला.”

तिने काकीकडे बघितलं. काकी अंगणाकडे बघत होती. मग आर्या म्हणाली, “उद्या शाळेत या. पहिल्या तासाला आमच्या बाई असतात. सगळ्यांसमोर सांगा. दक्ष दुसऱ्या बाकावर बसतो.”

आज सकाळी बाईंना फोन करून विचारलं. त्या आधी नको म्हणाल्या, मग आर्या त्यांच्याशी काय बोलली कोण जाणे, उद्या या म्हणाल्या. पाच मिनिटं दिली आहेत.

संध्याकाळी काकीने मला परत घरी बोलावलं. म्हणाली, “तिथं पन आमाला बोललास तसंच बोलशील ना? का पोरांसमोर गोड करशील?”

मी म्हटलं, तसंच बोलेन.

“मंग बोल. बघू दे.”

मी ओटीवर उभा राहिलो. त्या दोघी पायरीवर बसल्या. मी सुरुवात केली, की आर्याच्या पप्पांच्या बॅगेत एक बाटली होती, ती त्यांची नव्हती, माझी होती.

“नाही,” आर्या म्हणाली. “बाटली नंतर. आधी रस्ता सांगा.”

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

भूपेश